ओळख पटेल काय?

दुःखितांचें सांत्वन करण्याची विद्या आपल्या समाजांत फार जुनी आहे, आणि ती आपण इतकी वापरली आहे कीं, तिची धार बोथट झाली असल्यास नवल नाहीं. घरांत मृत्यु झाला म्हणजे पहिल्या दिवसापासून तेराव्यापर्यंत जीं माणसें येतात तीं बहुधा एकच वाक्य निरनिराळ्या स्वरांत बोलून जातात: शरीर नश्वर आहे, आत्मा अमर आहे, शोक करूं नये. हें वाक्य खोटें आहे असें मी म्हणत नाहीं, आणि बोलणारांचा हेतूही शुद्धच असतो. परंतु ज्याला तें ऐकावें लागतें त्याच्या मनांत काय होत असेल, ह्याचा विचार २०१७ च्या श्रावणांत माझ्यापुढें प्रथम उभा राहिला.

त्या श्रावणांत आमचा पुतण्या गेला. वय एकोणीस, पण घरांतलें शेंडेफळ, म्हणून सारे त्यास 'बाळ'च म्हणत. अकरा दिवसांचा ताप, त्यांतले शेवटचे चार दिवस शुद्धि नाहीं. आमचें घर डहाणूचें व एकत्र कुटुंबाचें. वडील, म्हणजे अण्णा, तेव्हां पंचाऐंशी वर्षांचे होते. दादा, वहिनी, आणि मी व माझें बिऱ्हाड अशीं आम्ही सारीं एका छपराखालीं राहतों. दुःख सर्वांसच झालें. पण वहिनींचें दुःख निराळें होतें. त्या रडत नसत. आलेल्यांचें बोलणें निमूट ऐकून घेत, व ते गेल्यावर म्हणत, "सगळे मला बाळाच्या आत्म्याविषयीं सांगतात. आत्मा मीं पाहिलेला नाहीं. मला त्याचा चेहरा हवा आहे."

अण्णांनीं उभा जन्म गीता वाचलेली. त्यांनीं एके सायंकाळीं फार मायेनें जीर्ण वस्त्राचा दृष्टान्त वहिनींस समजावून सांगितला. वहिनींनीं तो पूर्ण होऊं दिला आणि मग हळूच म्हटलें, "वस्त्र खरेंच, अण्णा. पण तें मीं नऊ महिने विणलें होतें." अण्णांनीं पोथी मिटली व ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मला त्या वेळीं वाटलें, आणि आजही वाटतें, कीं तो उपदेश शस्त्र टाकून बसलेल्या एका योद्ध्यास केलेला होता, हें आपण विसरतों. पुढें अभिमन्यु पडल्यावर सुभद्रेची समजूत घालावयाची वेळ आली, तेव्हां श्रीकृष्णानें देखील तिच्यापुढें गीता पुनः म्हटली नाहीं. मुलाच्या वीरगतीची आठवण देऊन त्यानें तिला सांवरलें.

बाराव्या दिवशीं, जेथें बाळ होता त्या इस्पितळांतील एक परिचारिका आमच्या दारीं आली. तलासरी तालुक्यांतील वारली घरची, धर्मानें ख्रिस्ती, वय पस्तिशीच्या आंतबाहेर. बाळाचें मनगटी घड्याळ खणांत राहून गेलें होतें, तें द्यावयास ती आली होती. वहिनींनीं घड्याळ हातांत घेतलें, तिला बसविलें, आणि चहा होईपर्यंत दोघी गप्प बसून राहिल्या. मग वहिनींनीं एकाएकीं विचारलें, "सिस्टर, तुमच्यांत मेलेल्या माणसाचें पुढें काय होतें म्हणतात?"

"उठतो, काकू," ती म्हणाली.

"कोण? आत्मा?"

"माणूस उठतो."

वहिनींनीं क्षणभर तिच्याकडे पाहिलें. "मग ओळख पटेल काय? बाळाच्या डाव्या भुवईवर व्रण होता. लहानपणीं चिकूच्या झाडावरून पडला होता."

ती बाई कांहीं पंडिता नव्हती. तिनें एवढेंच सांगितलें कीं, येशू उठला तेव्हां त्याच्या हातांवरचे खिळ्यांचे व्रण तसेच होते, आणि थोमा नांवाच्या शिष्याची खात्री त्या व्रणांवरूनच पटली. मग चहा पिऊन ती ड्यूटीवर निघून गेली. बाळ गेल्यापासून वहिनी प्रथम रडल्या त्या त्या दुपारीं.

येथें आमच्या भागाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. पालघर जिल्ह्यांतील ख्रिस्ती म्हटले म्हणजे वाचकांस वसई आठवते, तिथली पोर्तुगीजांच्या काळापासूनचीं देवळें आठवतात. डहाणू-तलासरीची गोष्ट वेगळी आहे. ब्रेदरन नांवाच्या पंथाचे अमेरिकन मिशनरी १८९४ च्या अखेरीस वलसाडकडे आले, तेथून डहाणूस उतरले, आणि त्यांनीं येथें दवाखाना चालविला. त्यांच्या मंडळ्यांपैकीं पुष्कळ १९७० सालीं उत्तर भारतीय चर्चमध्यें मिळाल्या. तलासरीस येशूसंघीय धर्मगुरूंचें ज्ञानमाता सदन आहे. ह्या साऱ्यांचे अनुयायी संख्येनें थोडे व बहुतेक वारली आहेत. एकाच पाड्यांत, किंबहुना एकाच घरांत, कणसरी ह्या धान्यमातेला मानणारे आणि येशूला मानणारे एकत्र नांदतात. धर्मांतराचा वाद मला येथें काढावयाचा नाहीं. त्यावर आमच्या ओसरीवर पुरेसें बोलणें होतें.

वहिनींनीं मात्र तो विषय सोडला नाहीं. आमच्याच जिल्ह्यांतील फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनीं केलेलें 'सुबोध बायबल' माझ्या कपाटांत होतें. २०२० सालीं उस्मानाबादच्या साहित्यसंमेलनाचे जे अध्यक्ष झाले व २०२४ मध्यें निवर्तले, तेच हे दिब्रिटो. वहिनी दुपारच्या वेळीं त्यांतील पुनरुत्थानाचीं प्रकरणें वाचूं लागल्या, आणि जें त्यांना आढळलें तें मला ह्यापूर्वीं कधीं आढळलें नव्हतें. त्या म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांत पहिल्यानें ओळख कोणालाच पटत नाहीं, हें तुम्हीं पाहिलेंत का?" खरेंच तसें आहे. मग्दालिया मरीया थडग्यापाशीं रडत उभी असतां येशू समोर येतो. तिला तो वाडींतला माळीच वाटतो. तो तिला तिच्या नांवानें हांक मारतो, तेव्हां ती ओळखते. दोन शिष्य त्याच्या सोबतीनें वाटेनें कोसभर चालतात व त्यांना तो परका वाटसरू वाटतो. रात्रीं जेवावयास बसल्यावर तो भाकर मोडून देतो, त्या मोडण्याच्या लकबीवरून त्यांचे डोळे उघडतात. आणि थोमाला पटतें तें जखमेवरून. हांक, भाकर मोडण्याची तऱ्हा, जुना व्रण. जिचें मूल गेलें आहे अशा कोणत्याही आईस विचारा, तिला नेमक्या ह्याच गोष्टी आठवत असतात.

अण्णांस हें सारें आवडलें नाहीं. पण ते दुराग्रही नव्हते. त्यांनीं आक्षेप काढला तो नैयायिकाचा होता. देह तर क्षणोक्षणीं बदलतो. मग उठावयाचा तो कोणता? दांत न आलेल्या बाळाचा, एकोणीस वर्षांच्या मुलाचा, कीं तापानें सुकलेला तो शेवटचा? आणि जो जाळला, ज्याची राख समुद्रांत सोडली, त्याचें काय? प्रश्न चोख होता. मौजेची गोष्ट अशी कीं, जवळजवळ हाच प्रश्न करिंथ नगरच्या ग्रीक लोकांनीं पहिल्याच शतकांत पौलास घातलेला आहे. ग्रीक विद्वानांसही आत्म्याचें अमरत्व समजत होतें, देहाचें उठणें मात्र हास्यास्पद वाटत होतें. त्या बाबतींत ते आमच्या अण्णांचे सगोत्रच म्हणावयाचे. पौलानें उत्तर दिलें तें शेतकऱ्याचें. तूं पेरतोस तो दाणा, उगवतें तें रोप. दाणा मातींत गेल्यावांचून रोप नाहीं, आणि रोप दिसावयास दाण्यासारखें नाहीं. तरी तें त्याच दाण्याचें आहे, दुसऱ्याचें नव्हे.

हा दृष्टान्त आमच्या भागांत जितका समजतो तितका अन्यत्र समजत असेल कीं नाहीं, ह्याची मला शंका आहे. फाल्गुन-चैत्र-वैशाखांत आमच्याकडे राब भाजतात. रोपें करावयाच्या जागेवर पालापाचोळा, झाडाच्या तोडलेल्या फांद्या, शेण, गवत ह्यांचे थर पसरून वर माती टाकतात आणि पेटवून देतात. त्या महिन्यांत आगगाडींतून पाहिलें तर सर्वत्र काळे चौकोन दिसतात, जणूं चिताच विझून राहिल्या आहेत. पहिला पाऊस पडला कीं त्याच राखेंत भात फेकतात. पुढें तींच रोपें उपटून लावणी होते. ख्रिस्ती लोकांचा ईस्टर नेमका ह्या भाजणीच्या दिवसांत येतो. शिवाय ईस्टरची तिथि चंद्रावर ठरते: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेपुढचा रविवार. त्यामुळें आमच्या महालक्ष्मीची जत्रा, जी चैत्री पौर्णिमेस सुरू होते, ती व ईस्टर पुष्कळ वर्षीं एकाच चंद्राच्या उजेडांत पडतात.

आपल्याकडे ही आकांक्षा नाहींच, असें मात्र कोणीं समजूं नये. वहिनींनींच मला तें दाखविलें. त्या वर्षीं वटपौर्णिमेला त्यांनीं पूजा केली व सायंकाळीं म्हणाल्या, "सावित्रीला यमानें ज्ञान थोडें दिलें असतें? पण तिनें तें मागितलें नाहीं. तिला सत्यवान हवा होता, बोलताचालता." आणि देवकी? कंसानें मारलेलीं आपलीं सहा मुलें पाहण्याची इच्छा तिनें कृष्णाजवळ बोलून दाखविली, आणि त्यानें तीं पाताळांतून आणून तिच्या मांडीवर दिलीं, अशी भागवतांत कथा आहे. म्हणजे आपल्या पुराणांतील बायकांनीं वेदान्त बाजूस ठेवून जें मागितलें, तें ह्या धर्मानें आपल्या श्रद्धेच्या मध्यभागीं ठेवलें. भेद आहे तो इतकाच कीं, सत्यवान परत आला तो पुनः मरावयास. आणि देवकीचीं मुलें तिला भेटून स्वर्लोकीं गेलीं. ख्रिस्ती श्रद्धा म्हणते तें उठणें परतणें नव्हे. तें ह्या आयुष्याची मुदत वाढविणें नसून मृत्यूच्या पलीकडे निघणें आहे.

ह्या श्रद्धेनें धीर येतो म्हणजे नक्की काय होतें, हें पाहावयाचें असेल तर आपल्याच एका बाईकडे पाहावें. पंडिता रमाबाईंचें नांव आमच्या आजीच्या पिढींत सरळ मनानें घेतलें जात नसे. १८९३ सालीं पुण्याच्या शारदासदनांतून पालकांनीं मुली काढून नेल्या, ती कडू आठवण पुष्कळ घरांनीं जपून ठेवली होती. पण त्या बाईंच्या वांट्यास आलेले मृत्यु मोजून पाहा. १८७४ च्या सुमारास दुष्काळांत भटकतां भटकतां आईबाप उपासमारीनें गेले. १८८० मध्यें पाठचा आधार असलेला भाऊ गेला. १८८२ मध्यें पति पटकीनें गेले. पदरीं वर्षाची मुलगी. पुढच्याच वर्षीं इंग्लंडांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पुढें ह्याच बाईंनीं १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांत हिंडून मरणाच्या दारांतल्या मुली उचलून आणल्या. १९०० मध्यें, ज्याला जुनीं माणसें छपन्नाचा दुष्काळ म्हणत, गुजरातेंतून शेंकडों मुली केडगांवच्या मुक्तिसदनांत नेल्या. गुजरातेंतून मुंबईस येणारी आगगाडी तेव्हांही आमच्या डहाणू रोडावरूनच जात असे. रोगाचें, घाणीचें, मृत्यूचें भय त्यांना नव्हतें असें नाहीं. पण जीं शरीरें लोक ओवाळून टाकीत होते तीं त्यांना उठावयाचीं शरीरें दिसत होतीं, असें मला वाटतें. १९२१ च्या जुलैंत त्यांची एकुलती मुलगी मनोरमा, जिच्या हातीं संस्था सोंपवावयाची ती, गेली. रमाबाई त्यानंतर नऊ महिने देखील जगल्या नाहींत. पण ते महिने त्यांनीं बायबलाच्या मराठी भाषांतराचें उरलेलें काम पुरें करण्यांत घालविले. हिब्रू व ग्रीक शिकून, खेड्यांतल्या बायकांना समजेल अशा भाषेंत तें काम त्यांनीं आरंभिलें होतें. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या गेल्या तेव्हां तें तडीस गेलें होतें. ज्या बाईला मुलगी कायमची गेली असें वाटतें, तिच्या हातून मुद्रितें तपासलीं जात नाहींत.

एक गोष्ट जातां जातां. नव्या कराराच्या मूळ ग्रीकांत मेलेल्याच्या 'उठण्या'स जें क्रियापद येतें, तेंच झोंपेंतून जागें होण्यासही येतें. गोदावरी परुळेकर, पुण्याच्या गोखल्यांच्या कन्या, १९४५ मध्यें वेठबिगारीविरुद्ध वारल्यांस उभें करावयास तलासरीच्या झरी गांवीं गेल्या. त्या कम्युनिस्ट, पुनरुत्थानावर त्यांचा विश्वास असण्याचें कारण नाहीं. पण त्या लढ्याची हकीगत त्यांनीं लिहिली तेव्हां पुस्तकाचें नांव ठेवलें 'जेव्हा माणूस जागा होतो'. त्या परिचारिकेला मीं हें नांव सांगितलें तेव्हां ती म्हणाली, "आमचा आजा त्या मोर्च्यांत होता. तो म्हणे, आधीं आम्ही मेलेलेच होतों."

आतां आमच्या घरीं पुढें काय झालें तें. २०१८ च्या नोव्हेंबरांत आमच्या भागांत भूकंपाचे धक्के बसूं लागले, ते थांबेनात. धुंदलवाडी, हळदपाडा, दापचरी, आंबोली ह्या बाजूस त्यांचा जोर. १ फेब्रुवारी २०१९ रोजीं ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. त्या दिवशींच्या धांवपळींत हळदपाड्यास एक दोन वर्षांची मुलगी पडून दगावली. माणसें थंडींत घराबाहेर, सरकारनें दिलेल्या तंबूंतून निजूं लागलीं. मरणाहून मरणाची वाट पाहणें अधिक थकवितें, हें त्या महिन्यांत आम्हीं पाहिलें. ती परिचारिका आपली पाळी संपली कीं औषधें व कांबळीं घेऊन पाड्यांवर जाई. एके दिवशीं वहिनी दादांस म्हणाल्या, "मी तिच्याबरोबर जातें." दादा घाबरले. दीड वर्ष जी बाई उंबऱ्याबाहेर पडली नव्हती ती जमीन हालत असतां तिकडे जाणार! अण्णा मात्र म्हणाले, "जाऊं दे." त्यानंतर आठवड्यांतून दोनदां वहिनी जात. तंबूंत बसून मुलांकडून पाढे म्हणवून घेत, तान्ह्या मुलांच्या आयांस निजावयास मिळावें म्हणून मुलें मांडीवर घेऊन बसत. मीं एकदां विचारलें, भीति नाहीं का वाटत? त्या म्हणाल्या, "वाटते. पण पूर्वीं वाटे कीं जें मोडेल तें मोडलेंच. आतां तसें वाटत नाहीं."

२०१९ सालीं चैत्री पौर्णिमा व गुड फ्रायडे एकाच दिवशीं, १९ एप्रिलला आले. शुक्रवारीं वहिनी महालक्ष्मीला नारळ ठेवून आल्या आणि रविवारीं पहाटे त्या व मी परिचारिकेच्या बोलावण्यावरून ख्रिस्ती मंडळींच्या कबरस्थानांत गेलों. ईस्टरच्या पहाटे हीं माणसें आपल्या मृतांपाशीं जमतात. मातीच्या उंचवट्यांवर झेंडू व मेणबत्त्या. म्हातारीं माणसें कबरींच्या कडेला बसलेलीं. उपदेशकांनीं मत्तयाच्या शुभवर्तमानांतील हकीगत वाचली. त्यांत दगड सरकण्यापूर्वीं मोठा भूकंप झाला असा उल्लेख आहे. तो शब्द येतांच सारी मंडळी एकमेकांकडे पाहूं लागली, आणि एक म्हातारा मोठ्यानें हंसला. वाचणाराही हंसला व पुढें वाचूं लागला.

त्याच दुपारीं बातमी आली कीं श्रीलंकेंत, कोलंबो, नेगोंबो व बट्टिकलोआ येथें, ईस्टरची उपासना चालू असतांना देवळांत स्फोट झाले. तेथील देवळांत व हॉटेलांत मिळून अडीचशेंहून अधिक माणसें मेलीं. सायंकाळीं ती परिचारिका आमच्याकडे गोड घेऊन आली होती. अण्णा तिला म्हणाले, आणि त्यांच्या स्वरांत खोंच नव्हती, "बाई, आजच्या दिवशीं असें व्हावें?" ती थोडा वेळ डब्याकडे पाहत राहिली. म्हणाली, "आजोबा, आजच्याच दिवशीं आम्ही म्हणतों कीं ह्यावर हें शेवटचें नाहीं. दुसऱ्या दिवशीं म्हणणें सोपें असतें." मग तिनें डबा उघडला. कोणी फारसें खाल्लें नाहीं.

वहिनी हिंदूच आहेत. बाळाचें श्राद्ध दरवर्षीं यथासांग होतें, आणि पिंडाला कावळा शिवेपर्यंत त्या अंगणांत उभ्या असतात. ह्यांत विसंगति आहे हें मला दिसतें. त्यांनाही दिसत असावी. अण्णांनीं आपलें मत अखेरपर्यंत बदललें नाहीं. २०२१ च्या ज्येष्ठांत ते अंथरुणास खिळले होते. जायच्या चार दिवस आधीं त्यांनीं वहिनींस जवळ बोलावलें.

"सूनबाई, मला तें पटलेलें नाहीं," ते म्हणाले. "पण त्या पौलाचें बियाण्याचें काय तें एकदां पुनः सांग."

वहिनी सांगूं लागल्या. अण्णांनीं मधेंच विचारलें, "दाणा कशाचा? भाताचा कीं गव्हाचा?"

"त्यांच्या पुस्तकांत गव्हाचा आहे," वहिनी म्हणाल्या. "आपल्याकडे भाताचा."